बंद बटणामागची तार

पावसाळा लागला की वायरमनच्या फोनवर एक तक्रार ठरलेली असते : 'गीझर लावला की मेन पडतो.' बहुतेक वेळा दोष गीझरचाच असतो. आतल्या कॉइलवरच्या धातूच्या आवरणाला बारीक चीर जाते, पाणी आत शिरतं, थोडा करंट पाण्यातून गीझरच्या टाकीत आणि तिथून अर्थिंगमध्ये निघून जातो. कॉइल बदलली की तक्रार मिटते. म्हणूनच, जेव्हा गीझर बदलूनही मेन पडत राहतो, तेव्हा घरातले आणि वायरमन दोघेही बुचकळ्यात पडतात. आमच्या सोसायटीतल्या एका घरात असंच झालं. तो बिघाड ज्या पद्धतीने सापडला ती प्रत्येक घरात उपयोगी पडेल अशी आहे, आणि घरातल्या विजेबद्दलचा एक पक्का गैरसमज त्यातून दूर होतो.

घर तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, वायरिंग भिंतीतून गेलेलं, म्हणजे कन्सील्ड. मधल्या काळात जुना फ्यूजबोर्ड काढून नवा डीबी, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, बसवला होता. त्यात प्रत्येक खोलीचे वेगळे एमसीबी आणि सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरची एक आरसीसीबी. लोक तिला सर्रास 'ईएलसीबी' किंवा नुसतं 'मेन' म्हणतात. पडायची ती हीच.

लक्षणं अशी होती. गीझर लावला की आरसीसीबी हटकून पडायची. इस्त्री लावली तर कधी पडायची, कधी नाही. पंखे, ट्यूब, टीव्ही कितीही वेळ चालू ठेवले तरी काही होत नसे. शिवाय सकाळी सहा ते आठच्या दरम्यान घरातलं काहीही न लावता ती आपोआप पडायची. रात्री उशिरा मात्र कधीच नाही.

आधी गीझरची कॉइल तपासली, ठीक निघाली. तरी मनाच्या समाधानासाठी नवा गीझर आणला. फरक पडला नाही. मग आरसीसीबीच खराब असेल म्हणून ती बदलली. नवीसुद्धा पडायला लागली. पुढे घरातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग उपसून ठेवले, तरी सकाळी तेच. शेवटी डीबीतले सगळे एमसीबी खाली पाडले आणि फक्त आरसीसीबी वर ठेवली. म्हणजे घरात एकही दिवा लागणार नाही अशी अवस्था. तरीही सकाळी आरसीसीबी पडली.

या टप्प्यावर आलेल्या एका वायरमनने सुचवलं, 'काकू, ही काढूनच टाकू. डायरेक्ट करून देतो, रोजची कटकट जाईल.' कित्येक घरांत गोष्ट इथेच संपते. या घरातल्या काकूंनी नकार दिला, आणि तो नकार किती मोलाचा होता हे पुढच्या हिशोबातून कळेल.

आरसीसीबी काय मोजते?

एमसीबी आणि आरसीसीबी शेजारी शेजारी बसतात, दिसतातही सारख्या, पण त्यांची कामं वेगळी. एमसीबी वायर सांभाळते. वायरला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट सर्किट झालं की ती पडते. आरसीसीबी माणूस सांभाळते, आणि त्यासाठी ती एकूण करंट किती आहे हे बघतच नाही.

घरात येणाऱ्या दोन तारा, फेज आणि न्यूट्रल, आरसीसीबीच्या आत एका लोखंडी कड्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट आत आला तेवढाच न्यूट्रलमधून बाहेर जायला हवा. दोन्ही सारखे असले की त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि कड्यात काहीच उरत नाही. परतीच्या करंटमध्ये तूट आली, तर तेवढा फरक कड्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेत जाणवतो आणि खटका पडतो. सहलीला गेलेली मुलं बसमधून उतरताना आणि परत चढताना मोजणाऱ्या बाईंना मुलं चाळीस आहेत की चारशे याने फरक पडत नाही. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. आरसीसीबीचं काम तसंच आहे.

तूट म्हणजे थोडा करंट न्यूट्रल सोडून भलत्याच वाटेने जमिनीत गेला. ती वाट एखाद्या माणसाच्या अंगातून गेलेली असू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिल यांनी यावर बराच अभ्यास केला. हातात धरलेली तार माणसाला स्वतःहून सोडता येते ती किती करंटपर्यंत, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि हात तार सोडतच नाही. याच डाल्झिल यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत अशा गळतीवर पडणारं ट्रान्झिस्टरवरचं उपकरण तयार केलं. त्याआधी १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी असं उपकरण बनवलं होतं.

आज आपल्या घरात बसते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ मिलिअँपिअरच्या आतल्या गळतीवर पडू नये आणि ३० पर्यंत पडलीच पाहिजे, असा नियम आहे. मधल्या पट्ट्यात ती पडेलही किंवा पडणारही नाही. इस्त्रीचा लहरीपणा समजायला हा पट्टा लक्षात ठेवावा लागेल.

न्यूट्रल म्हणजे 'मेलेली' तार नव्हे

आता त्या गैरसमजाकडे येऊ. आपण बटण बंद करतो तेव्हा फक्त फेज तुटते. न्यूट्रल जोडलेलीच राहते. बहुतेक डीबीतल्या खोल्यांच्या एमसीबी एका पोलच्या असतात. त्याही फक्त फेज तोडतात. सगळ्या खोल्यांच्या न्यूट्रल तारा डीबीत एका पितळी पट्टीवर, न्यूट्रल लिंकवर, एकत्र आवळलेल्या असतात आणि ती पट्टी आरसीसीबीतून थेट मीटरला जोडलेली असते. म्हणून सगळे एमसीबी पाडले तरी घरभर पसरलेलं न्यूट्रलचं जाळं आरसीसीबीला जोडलेलंच होतं. एमसीबी एकेक करून पाडायचे आणि कोणता पाडल्यावर त्रास थांबतो ते बघायचं, ही नेहमीची पद्धत या घरात फसली ती यामुळे.

न्यूट्रल जोडलेली राहिली तरी बिघडलं कुठे? टेस्टर लावला तर दिवा लागत नाही, हात लागला तरी सहसा शॉक बसत नाही. कारण न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेली असते आणि तिचा दाब शून्याजवळ असतो. पण शून्याजवळ म्हणजे शून्य नव्हे. रोहित्रापासून घरापर्यंतच्या केबलला थोडा रोध असतो. न्यूट्रलमधून करंट वाहिला की त्या रोधामुळे घराकडच्या टोकाला थोडे व्होल्ट उभे राहतात. इकडे अर्थिंगची हिरवी तार इमारतीच्या खड्ड्यातल्या अर्थिंगला जोडलेली असते आणि तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. म्हणून घरातली न्यूट्रल आणि घरातलं अर्थिंग यांच्यात नेहमी थोडा फरक असतो, कधी पाव व्होल्ट, कधी दोन व्होल्ट.

घराच्या आत कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले, तर हा एवढासा फरकच करंट ढकलायला पुरतो. न्यूट्रलमधला थोडा करंट अर्थिंगकडे फुटतो, आरसीसीबीचा हिशोब जुळत नाही, आणि ती पडते.

आकड्यांतून लक्षणं

ढोबळ आकडे धरून बघू. मीटरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २५ मीटर धरली तर तिचा रोध होतो सुमारे ०.१२ ओहम. अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध २० ओहम धरू.

गीझर २००० वॉटचा, म्हणजे २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर. ८.७ गुणिले ०.१२ म्हणजे साधारण १ व्होल्ट. हा एक व्होल्ट २० ओहमच्या वाटेतून ५० मिलिअँपिअर ढकलतो. आरसीसीबी पडणारच.

इस्त्री १००० वॉटची. करंट निम्मा, दाब निम्मा, गळती २५-२६ मिलिअँपिअर. हा आकडा १५ ते ३० च्या पट्ट्यात बसतो. कधी पडेल, कधी नाही.

पंखा ७५ वॉटचा. गळती जेमतेम २ मिलिअँपिअर. आरसीसीबीला दखलही घ्यायची गरज नाही.

गीझर, इस्त्री आणि पंखा तिन्ही निर्दोष असताना लक्षणं मात्र अशी दिसतात, जणू गीझर पुरता बिघडलाय आणि इस्त्री बिघडायला लागलीय. जी वस्तू जास्त करंट घेते तिच्यावर आळ येतो, एवढंच.

आता सकाळचं कोडं. इमारतीला येणारी केबल सगळ्यांची एकच असते. तिच्यात आर, वाय आणि बी असे तीन फेज आणि एक न्यूट्रल. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही, पण तसं क्वचितच असतं. सकाळी गीझर लागतात, एका फेजवर जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि उरलेला करंट सामाईक न्यूट्रलमधून परत जातो. तो ४० अँपिअर आणि त्या न्यूट्रलचा रोध ०.०५ ओहम धरला तर इमारतीच्या न्यूट्रलवर २ व्होल्ट येतात. आपल्या घरात काहीही चालू नसलं तरी हे २ व्होल्ट आपल्या न्यूट्रलवर असतातच. न्यूट्रल-अर्थ टेकलेलं असेल तर त्यातून १०० मिलिअँपिअर वाहतात. रात्री उशिरा हाच उरलेला करंट ५ अँपिअरवर आला की गळती १२-१३ मिलिअँपिअरवर येते, म्हणजे १५ च्या आत. आरसीसीबी शांत.

थोडक्यात, या घरातली आरसीसीबी सकाळी पडत होती ती शेजाऱ्यांच्या गीझरमुळे. शेजाऱ्यांच्या गीझरमध्येही काही दोष नव्हता. दोष होता या घराच्या भिंतीत कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ यांच्या झालेल्या भेटीचा.

शोध

नंतर आलेले वायरमन वयाने मोठे आणि कामाला सावकाश. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडते हे ऐकल्याबरोबर ते म्हणाले, 'मग फेजकडे बघायचंच नाही. न्यूट्रल कुठेतरी अर्थ झालाय.' त्यांनी आधी विचारलं की घरात इन्व्हर्टर आहे का, आणि त्याचं वायरिंग नंतर केलंय का. हा प्रश्न महत्त्वाचा. इन्व्हर्टर जोडताना एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्यात मिसळली तरी आरसीसीबी अशीच पडते. या घरात इन्व्हर्टर नव्हता.

मग त्यांनी मीटरजवळचा मेन स्विच बंद केला आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून खाली मुलाला उभं केलं. टीव्ही, फ्रिज, चार्जर असं सगळं उपसून ठेवलं होतंच. डीबीचं झाकण काढून न्यूट्रल लिंकचे स्क्रू सैल केले आणि प्रत्येक न्यूट्रल तार वेगळी करून तिला चिकटपट्टीवर खोलीचं नाव लिहून लावलं. घरातलं न्यूट्रलचं जाळं आता सुट्या तारांमध्ये वाटलं गेलं.

यानंतर मेगर. साध्या मल्टिमीटरमध्ये काही व्होल्टची बॅटरी असते. तेवढ्यात कमजोर इन्सुलेशन कधीकधी चांगलं असल्यासारखं दिसतं. मेगर ५०० व्होल्ट डीसी दाब देऊन इन्सुलेशनचा रोध मोजतो. म्हणूनच नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू आधी सोडवून ठेवाव्या लागतात. रोध निदान एक मेगओहम हवा. वायरमननी एक टोक अर्थिंगला लावून दुसरं एकेका न्यूट्रलला लावलं. स्वयंपाकघर ठीक. न्हाणीघर ठीक, म्हणजे गीझरची लाइनही ठीक. हॉल ठीक, भिंती ओलसर असल्याने आकडा थोडा कमी, पण पुरेसा. मधल्या खोलीच्या तारेला टोक लावलं आणि काटा शून्यावर गेला.

मधली खोली. तिथे एक पंखा, एक ट्यूब आणि एक प्लग. कुणाचा संशय जाऊ नये अशी खोली. गीझर तिथून दोन भिंती पलीकडे.

पुढचं काम निम्मे-निम्मे करत जाण्याचं. खोलीतला स्विचबोर्ड उघडून न्यूट्रलचा जोड सोडवला. डीबीकडून बोर्डापर्यंतचा तुकडा मेगरवर चांगला निघाला. प्लगकडचा चांगला निघाला. बोर्डापासून वर पंख्याकडे जाणारा तुकडा शून्य. वायरमननी बोर्डापासून वर भिंतीवर नजर नेली. बोर्डाच्या बरोबर वर, छताखाली हातभर अंतरावर, कपडे वाळत घालायच्या दांडीचा ब्रॅकेट होता.

एक स्क्रू

ब्रॅकेटला दोन स्क्रू होते. खालचा काढला तर त्याच्या टोकाला लाल प्लास्टिकच्या बुचाबरोबर काळ्या पीव्हीसीचा नखभर तुकडा चिकटून आला. स्क्रूच्या पेचांमध्ये तांब्याची चकाकी दिसत होती. मेगर पुन्हा लावला. काटा शून्यावरून उठला आणि चांगल्या आकड्यावर स्थिरावला.

झालं होतं असं. ब्रॅकेट बसवणाऱ्याने ड्रिल मारलं ते थेट भिंतीतल्या पाइपमध्ये. त्या काळच्या वायरिंगमध्ये पाइपातून फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तार बिनआवरणाची, उघडी तांब्याची नेलेली होती. स्क्रू आत गेला तो त्या उघड्या तारेला टेकला आणि काळ्या न्यूट्रलच्या पीव्हीसीवर दाबून बसला. त्या दिवशी काहीच झालं नाही. फेजच्या तारेत घुसला असता तर ड्रिल हातात असतानाच ठिणगी उडाली असती, आरसीसीबी पडली असती, आणि दोष तिथेच उघड झाला असता. न्यूट्रल असल्यामुळे ठिणगी नाही, आवाज नाही, टेस्टरवर दिवाही नाही.

पीव्हीसीवर सतत दाब राहिला की ते हळूहळू दबत, सरकत जातं. उन्हाळाभर दांडीवर हलके कपडे होते. पाऊस सुरू झाला आणि गॅलरीतले कपडे आत आले. ओल्या चादरी, टॉवेल, जीन्स. दांडीवरचा भार वाढला, ब्रॅकेट किंचित खाली ओढला गेला, आणि स्क्रूच्या पेचाने उरलेलं पीव्हीसी कापलं. न्यूट्रल, स्क्रू आणि अर्थ एक झाले. म्हणून हा त्रास ब्रॅकेट बसवल्यावर लगेच सुरू न होता पावसाळ्यात सुरू झाला, आणि पावसाळा म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आधी गीझरच आला.

पाइपातली खराब तार ओढून नवी घातली, तिच्याबरोबर आवरण असलेली हिरवी अर्थ वायर टाकली, आणि ब्रॅकेट दुसऱ्या भिंतीवर गेला.

डायरेक्ट केलं असतं तर?

न्यूट्रल आणि अर्थ टेकल्याने कुणाला शॉक बसत नव्हता. मग आरसीसीबी काढली असती तर काय बिघडलं असतं? रोजच्या दिवशी काहीच दिसलं नसतं, आणि धोका नेमका त्यातच आहे.

समजा, मीटरकडून वर येणारी न्यूट्रल एखाद्या दिवशी सैल होऊन सुटली. जुन्या इमारतींत हे घडतं. एरवी न्यूट्रल सुटली की घरातलं सगळं बंद पडतं. पण इथे न्यूट्रलला स्क्रूमधून अर्थिंगची वाट मिळालेली होती. गीझर लावल्यावर करंट फेजमधून येऊन गीझरच्या कॉइलमधून न्यूट्रल लिंकवर आणि तिथून स्क्रूमार्गे अर्थिंगमध्ये गेला असता. कॉइलचा रोध साधारण २६ ओहम, अर्थिंगचा २०. करंट सुमारे ५ अँपिअर. गीझर कोमट का होईना, चालला असता. आणि अर्थिंगच्या तारेवर उभे राहिले असते जवळजवळ १०० व्होल्ट. हीच तार गीझरची टाकी, फ्रिजची बॉडी, वॉशिंग मशीन या सगळ्यांना जोडलेली असते. जे अर्थिंग माणसाला वाचवण्यासाठी घातलं, त्यानेच घरभर करंट पोचवला असता. ५ अँपिअरवर एमसीबी पडली नसती. अशा वेळी आरसीसीबी पहिल्याच क्षणी पडते. ती नसती तर ओल्या हाताने नळ उघडणाऱ्याचं रक्षण करणारं काहीच उरलं नसतं.

म्हणून वारंवार पडणाऱ्या आरसीसीबीकडे कटकट म्हणून बघू नये. ती एक तूट दाखवतेय, आणि ती तूट खरी आहे. आरसीसीबी स्वतः खराब होऊ शकते, पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा.

घरासाठी काही गोष्टी

भिंतीतल्या पाइपांच्या वाटा बहुधा सरळ उभ्या किंवा आडव्या असतात. स्विचबोर्ड, प्लग किंवा भिंतीवरचा दिवा यांच्या बरोबर वर, खाली किंवा बाजूच्या सरळ रेषेत ड्रिल मारू नये. घराचं काम नव्याने चालू असेल तर प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत. जुन्या घरात अर्थिंगची तार उघडी आहे का हे वायरमनला एखादा बोर्ड उघडून बघायला सांगावं.

आरसीसीबी पडली तर ती कधी पडते हे वहीत लिहावं : वेळ, तेव्हा काय चालू होतं, पाऊस होता का. वस्तू तपासताना बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसावा लागतो, कारण बटण फक्त फेज तोडतं. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल तर ते वायरमनला पहिल्या वाक्यात सांगावं. निम्मं निदान त्यातच झालेलं असतं. न्यूट्रल लिंक सोडवणं आणि मेगर लावणं मात्र परवाना असलेल्या वायरमननेच करावं. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबावं. दाबल्यावर ती पडली नाही तर ती तुमचं रक्षण करत नाही, तिला बदला.

आणि कुणी 'डायरेक्ट करून देतो' म्हणालं, तर त्याला मेगर घेऊन यायला सांगा.